गार्डनं काठी उचलावी कधी आणि खाली ठेवावी कधी

खानापूरकडच्या एका पोरानं विचारलंय: "काका, मी उद्यमबागेत एका कारखान्यावर रात्रपाळीला गार्ड आहे. बारा तासांची ड्युटी. मागच्या भिंतीवरून महिन्यातून दोन-तीनदा भंगार आणि तांब्याची वायर चोरायला पोरं येतात. ठेकेदार म्हणतो, काठी काय शोभेला दिलीय का, धर आणि बडव. मागच्या आठवड्यात माझ्या जोडीदारानं एकाला मारलं, तर केस आमच्याच माणसावर झाली. मग आम्ही मारायचं, का नुसतं बघत बसायचं?"

आधी माझं सांगतो, म्हणजे हे कुणाच्या तोंडून आलंय ते तुला कळेल. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गेली चौदा वर्षं बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात सिक्युरिटीची पोरं तयार करतो आणि रात्री चेकिंगला फिरतो. वकील नाही. पण पोरांवर झालेल्या केसेसपायी पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या बऱ्याच झिजवल्यात. तुझ्या जोडीदाराचं पुढं काय होईल, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. मार कुठं लागला, हाड मोडलं का, समोरच्याच्या हातात काय होतं, कॅमेऱ्यात काय आलं, यावर ते सगळं अवलंबून आहे.

तू विचारतोस मारायचं का नाही. माझ्या अनुभवात गार्ड त्या प्रश्नावर अडकत नाही. तो अडकतो कारण कुठं थांबायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

अंगावर ड्रेस चढला म्हणून अधिकार काडीनंही वाढत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. गणपत गल्लीतल्या दुकानदाराला जेवढा हक्क, तेवढाच तुला. 2005 साली खासगी सुरक्षा एजन्सींचा केंद्रीय कायदा आला. एजन्सीनं लायसन्स घ्यायचं, गार्ड 18 ते 65 वयाचा पाहिजे, त्याची चारित्र्य पडताळणी, ट्रेनिंग, फोटोचं ओळखपत्र, हे सगळं त्यात आहे. मारायचा किंवा डांबून ठेवायचा वेगळा हक्क त्यात शोधून सापडणार नाही. उलट कलम 21 मध्ये गार्डनं लष्कर-पोलिसांसारखा दिसणारा ड्रेस घातला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलंय. आमच्यातले निवृत्त जवान कॅम्पातून हौसेनं जंगली छापाची पँट आणतात आणि गेटवर उभे राहतात, त्यांनाही हे लागू आहे. मी दोघातिघांना घरी परत पाठवलंय, रुसले माझ्यावर. त्याच कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत 100 तास वर्गातलं आणि 60 तास मैदानातलं ट्रेनिंग सांगितलंय, आणि स्वसंरक्षणाच्या हक्काची तोंडओळख त्या अभ्यासक्रमातच आहे. आपल्याकडं बहुतेक पोरांना एक शर्ट, एक शिट्टी, एक काठी देतात आणि "आज रात्रीपासून ये" म्हणतात. तुला ठेकेदाराचा शब्द हाच कायदा वाटला, यात तुझी चूक कमी आहे.

मग काठी उचलायचा हक्क येतो कुठून? भारतीय न्याय संहितेतून, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यातून. त्याची 34 ते 44 ही कलमं या विषयाची आहेत. जुन्या दंडसंहितेत तीच 96 ते 106 होती. स्वतःचं अंग वाचवायला, दुसऱ्या कुणाचंही अंग वाचवायला, आणि स्वतःची किंवा दुसऱ्याची मालमत्ता चोरी, जबरी चोरी, नासधूस, बेकायदा घुसखोरी यांपासून वाचवायला बळ वापरता येतं. "दुसऱ्याची" हा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा. मालक पुण्यात झोपलेला असला तरी त्याच्या वायरीसाठी तू उभा राहू शकतोस. समोरचा पिऊन तर्र असला किंवा डोक्यानं ठीक नसला तरी अंगावर आल्यावर हा हक्क तसाच राहतो, ते कलम 36 मध्ये आहे. या सगळ्याला लगाम आहे कलम 37 चा. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. ही दुसरी अट लोक घोकतात आणि ऐन वेळी विसरतात.

माझ्याच एका पोराची गोष्ट सांगतो. सहा-सात वर्षं झाली. एक फाउंड्री होती, नाव सांगत नाही. पहाटे तीनच्या सुमाराला मागच्या शेडकडं पत्रा वाजला म्हणून पोरगा गेला. एक जण पोत्यात गनमेटलचे तुकडे भरत होता. टॉर्च पडल्याबरोबर त्यानं हातातला मोठा पाना उगारला. आमच्या पोरानं काठी घातली, ती त्याच्या मनगटाच्या वर बसली आणि पाना खाली पडला. इथंपर्यंत कुणी काही म्हणालं नसतं. पाना डोक्यात बसला असता तर पोरगा गेला असता. पण चोर खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर धरले, आणि आमच्या पोरानं आणखी दोन ठेवून दिल्या. एक पाठीत, एक नडगीवर. नडगीचं हाड मोडलं.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर तीन जखमा आल्या. मनगटावरची सूज एका ओळीत होती, तिच्याबद्दल आमच्याकडं उत्तर होतं. पाठीवरचा वळ आणि नडगी यांना उत्तर नव्हतं. समोरच्याच्या हातात तेव्हा काही नव्हतं, आणि हे शेडच्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होतं. हाड मोडलं किंवा दात पडला की कायद्याच्या भाषेत ती जबर दुखापत. आज ते कलम 117, सात वर्षांपर्यंतची शिक्षा. चार वर्षं तारखा चालल्या, शेवटी कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. ठेकेदारानं पहिल्याच तारखेला सांगितलं होतं, "मी मारायला कुठं सांगितलं होतं?" तोंडी हुकमाची पावती नसते, बाळा. तुझ्या ठेकेदाराला म्हण, बडवायचं असेल तर लेटरहेडवर लिहून द्या. देणार नाही.

त्या दिवसापासून मी पोरांना काठी वेगळी शिकवतो. टोकाचं लोखंडी बोंड आधी काढून टाकायचं. काठी दोन्ही हातांत आडवी धरून छातीवर ढकलायचं, अंतर ठेवायचं. फटका मारायची वेळ आलीच तर मांडीवर किंवा हत्यार धरलेल्या हातावर. डोकं, मान, कणा कधीच नाही. आणि समोरच्यानं हत्यार टाकलं, पाठ फिरवली किंवा खाली बसला, की काठीचं टोक जमिनीला. तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, "खाली बस, हात वर." हे म्हणण्यात एक फायदा आहे. तोंड कामात असलं की हात जरा थांबतो.

कोर्ट काही सोन्याच्या तराजूत तोलत नाही, हेही सांगतो, नाहीतर तू घाबरून मार खाशील. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. जिवावर बेतलेला माणूस पायरीपायरीनं हिशोब करून बचाव करेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असं त्यात आहे. मार पडेपर्यंत थांबायचीही गरज नाही. धोक्याची रास्त भीती पुरते. पाना उगारलेल्या माणसावर पहिली काठी कुणाची पडली, यावर तुला कुणी गुन्हेगार ठरवणार नाही.

जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, हे पोरं हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. अंगावरचा हल्ला असा असेल की मरण किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी, तर जातो. बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला हेही कलम 38 मध्ये आहेत. मालमत्तेसाठी कलम 41: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधीची घरफोडी, गोदामाला किंवा राहत्या घराला आग लावणं, आणि अशी चोरी जिच्यात मरणाची किंवा जबर दुखापतीची भीती आहे. आता कुणी म्हणेल, रात्रीच आला होता ना, मग झालं. तसं नाही. कंपाउंडवरून उडी मारून उघड्यावरचं भंगार उचलणं म्हणजे घरफोडी नव्हे. गोदामाचं कुलूप तोडून आत शिरला तर घरफोडी. आणि तेव्हाही कलम 37 ची गरजेपुरती ही अट सुटत नाही. वायर घेऊन पळणाऱ्या पोराचा जीव घ्यायचा हक्क कुठल्याच कलमात नाही.

भिंतीवर करंट सोडायची कल्पना तर चुकूनही ऐकू नकोस. तारेला चोर, गवताला आलेली बाई आणि आपलाच गार्ड यांतला फरक कळत नाही.

आता पकडून ठेवायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 म्हणतं, तुझ्या डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा केला तर कुणीही नागरिक त्याला पकडू शकतो. उगाच उशीर न लावता, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं किंवा जवळच्या ठाण्यात न्यायचं. पूर्वी हा सहा तासांचा आकडा नव्हता. तो प्रतिकार करत असेल तर धरायला लागेल तेवढंच बळ.

इथं एक मेख आहे, आणि ती बऱ्याच सुपरवायझरांनासुद्धा माहीत नाही. नव्या कायद्यात 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे उघड्या यार्डातून दोन-तीन हजारांचं भंगार उचललेल्या माणसाला नागरिक म्हणून अटक करायचा हक्क तुला कलम 40 खाली मिळत नाही. तोच माल गोदामातून, म्हणजे माल ठेवायच्या इमारतीतून चोरला, तर ते न्याय संहितेचं कलम 305. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र, किंमत कितीही असो. नुसती भिंत ओलांडून आत आला आणि काही उचललं नाही, तर ती घुसखोरी दखलपात्र असली तरी जामीनपात्र, तिथंही अटक नाही. बाहेर काढायचं, अडवायचं, पोलिसांना कळवायचं.

तू म्हणशील, रात्री दोन वाजता पोत्यातला माल कोण तोलणार? बरोबर आहे. म्हणून मी पोरांना एक ठरावीक वळण लावलंय. दिसल्याबरोबर 112 ला फोन, मग शिट्टी, मग टॉर्च. एकट्यानं अंगावर जायचं नाही. चोर माल घेऊन निघाला असेल तर माल परत मिळेपर्यंत त्याला अडवायचा, पोतं ओढून घ्यायचा हक्क न्याय संहितेचं कलम 43 देतं. पोतं हाती आलं, चेहरा दिसला, तो पळाला, तर जाऊ दे. कुलूप तोडून आत शिरलेला सापडला तर धरून ठेव. पण दोरीनं खांबाला बांधायचं नाही, मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही, सकाळी मालक येईपर्यंत केबिनमध्ये कोंडायचं नाही. कोंडलं की बेकायदा डांबून ठेवल्याचं कलम 127 तुझ्यावर. खुर्चीवर बसव, पाणी दे, कितीला पकडलं आणि कितीला फोन केला ते रजिस्टरमध्ये लिही. पंधरा-सोळा वर्षांचं पोर असेल, आणि भंगारवाली बरीच तशीच असतात, तर आणखी जपून. अठराच्या आतल्याला अल्पवयीनांचा कायदा लागतो. बाई असेल तर बाई गार्डला किंवा कॅन्टीनच्या मावशींना बोलव, आणि तिच्या अंगाला किंवा पिशवीला हात लावू नकोस.

निपाणीकडच्या पोरांसाठी एक जोड. चोर पळत पळत हद्द ओलांडून कागल तालुक्यात गेला तर काय? या दोन्ही संहिता दोन्ही बाजूंना एकच आहेत, आणि कलमात "जवळचं ठाणं" आहे, राज्य नाही. पण एवढं पळत जायची वेळच येऊ देऊ नये, कारण तोवर तुझा पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची जागा, उघडा पडलेला असतो. एजन्सीच्या लायसन्सचं मात्र तसं नाही. ते राज्याराज्याचं वेगळं, आणि कोल्हापूरच्या लायसन्सवर कर्नाटकात गार्ड लावता येत नाहीत. तुझी एजन्सी पलीकडची असेल तर कर्नाटकाचं लायसन्स बघून घे. केस झाली की पहिला कागद तोच मागतात.

गेटवरच्या झडतीबद्दल तू विचारलं नाहीस, पण मारामाऱ्या तिथूनच सुरू होतात. कामगाराची पिशवी बघायची ती त्याच्या संमतीनं, किंवा कंपनीच्या स्थायी आदेशात, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, तशी अट असेल तर. नाही म्हणाला तर हिसकायची नाही. नाव लिहून साहेबाला कळवायचं.

जमावाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडं साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दराच्या आंदोलनात गेटसमोर ट्रॅक्टर आडवे लागतात. तिथं बहुधा पोलीस आधीच असतात, आणि पोलीस समोर असताना कलम 37 ची पहिली अट तुला थांबवते. गेट लाव, चावी सुपरवायझरला दे, मागं हो. कुणी तुझ्या अंगावर दगड टाकला तर बचाव कर, पण गार्डांची रांग करून लोकांवर धावून जाणं हे आपलं काम नव्हे. समोर शेतकरीच असतात, त्यांतले निम्मे आपल्या गावचे.

आणि सीमाभागात राहतो म्हणून हेही बोलतो. ट्रकवाला कन्नडमधून बोलला, गार्ड मराठीतून, आवाज चढले, आणि चार-पाच जण जमून एकाला धुतलं, असं व्हायला दहा मिनिटं पुरतात. नव्या संहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या मारहाणीला वेगळी तरतूद आहे. जबर दुखापत झाली तर प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत, जीव गेला तर जन्मठेप किंवा फाशी. "मी नुसता उभा होतो" हे सिद्ध करायला घाम फुटतो. माझ्या पोरांना मी गेटवरची दहा-बारा कन्नड वाक्यं पाठ करायला लावतो. "गाडी निल्लिसी", "पास तोरिसी", "स्वल्प इरी", म्हणजे गाडी थांबवा, पास दाखवा, जरा थांबा. तेवढ्यानं निम्मी भांडणं मिटतात.

बंदूकवाल्यांसाठी दोनच वाक्यं. बँकेच्या दारातली बारा बोअरची बंदूक लायसन्सवर ज्याचं नाव आहे त्यानंच धरायची, चहाला जाताना जोडीदाराच्या हातात द्यायची नाही. आणि लूट करून मोटारसायकलवर पाठमोरा पळणाऱ्यावर गोळी झाडायची नाही, कारण जबरी चोरीत हा हक्क जिवाची, मारहाणीची किंवा अडकवून ठेवल्याची तत्काळ भीती असेतोवरच टिकतो.

आता तुझ्या जोडीदाराकडं येतो. स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकारी पक्षासारखं शंकेपलीकडं सिद्ध करावं लागत नाही. त्याचं म्हणणं संभवनीय वाटलं तरी पुरतं. म्हणून त्यानं आधी स्वतःची वैद्यकीय तपासणी करून घेतली का ते विचार. हातावर खरचटलं असलं तरी त्याचा कागद लागतो. चोरीची उलट तक्रार दिली नसेल तर द्यावी. ठाण्यातलं लिखाण कन्नडमध्ये असणार. तक्रार वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं. अर्थ समजल्याशिवाय सही करायची नाही, कन्नड वाचणारा कुणी सोबत न्यावा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं, 15100 हा त्यांचा नंबर.

आणि सगळ्यात घाईचं काम कॅमेऱ्याचं. कारखान्यातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं लिहितो. तू म्हणतोस मागच्या आठवड्यात झालं, म्हणजे फुटेज अजून असेल. उद्या सकाळी ड्युटी सुटल्यावर घरी जायच्या आधी मॅनेजरकडं लेखी अर्ज दे, अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा म्हणून, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. त्या फुटेजमध्ये त्याचा दुसरा फटकाही दिसणार असेल तर तसं मला कळव, मग वकिलाशी काय बोलायचं ते वेगळं ठरवावं लागेल.